इस्रोची रॉकेटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीहरिकोट्याहून एखादं यान झेपावलं की पुढचे दोन-तीन दिवस तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोणतं रॉकेट मोठं, कोणतं भरवशाचं, आपलेच उपग्रह परदेशातून का सोडावे लागतात? उत्तरं सुटी सुटी दिली तर गोंधळ वाढतो, कारण बहुतेक प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे: उपग्रहाला कोणत्या कक्षेत जायचं आहे? रॉकेट ठरतं ते त्यावरून. म्हणून सुरुवात तिथूनच.

रॉकेट उपग्रहाला वर नेऊन सोडतं. मग तो खाली का पडत नाही?

पडतच असतो. पण आडवा इतक्या वेगाने जात असतो की तो जेवढा खाली येतो, तेवढीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळलेली असते. पाचशे किलोमीटर उंचीवर त्यासाठी सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर वेग लागतो. या वेगाने मुंबईहून पुण्याला जायला वीस सेकंद पुरतील.

उंची गाठणं हा त्या मानाने सोपा भाग. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेलं पहिलं रॉकेट, अमेरिकी बनावटीचं नाइकी-अपाची, दोनशे किलोमीटरच्या आसपास वर गेलं आणि ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. तेवढी उंची मिळाल्यानंतर स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह कक्षेत ठेवायला भारताला जवळजवळ सतरा वर्षं लागली. तो दिवस १८ जुलै १९८०, रॉकेट एसएलव्ही-३ आणि उपग्रह ३५ किलोचा रोहिणी. ही सतरा वर्षं गेली ती आडव्या वेगासाठी. प्रक्षेपणात रॉकेट सरळ वर उठताना दिसतं ते दाट हवेतून लवकर बाहेर पडण्यासाठी. थोड्याच वेळात ते कलू लागतं आणि पुढचं बहुतेक इंधन आडवं पळण्यात जळतं.

इस्रोकडे सध्या कोणती रॉकेटं आहेत?

चार. नावांतलं ‘एलव्ही’ म्हणजे लाँच व्हेइकल, प्रक्षेपणयान; कक्षांचे प्रकार पुढच्या उत्तरात येतील. सगळ्यात लहान एसएसएलव्ही: ३४ मीटर उंच, १२० टन वजन, पाचशे किलोचा उपग्रह पाचशे किलोमीटरवर नेणारं. मग पीएसएलव्ही: ४४ मीटर, ३२० टन, सहाशे किलोमीटरच्या ध्रुवीय कक्षेत सुमारे १,७५० किलो. जीएसएलव्ही: जवळपास ५२ मीटर, ४२० टन, भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सव्वादोन टन. आणि एलव्हीएम३: ४३.५ मीटर, ६४० टन, त्याच वाटेवर चार टन किंवा पृथ्वीजवळच्या कक्षेत आठ टन.

यांच्याआधीची दोन, ४० किलो उचलणारं एसएलव्ही-३ आणि १५० किलो उचलणारं एएसएलव्ही, कधीच निवृत्त झाली.

चार कशाला? एकच मोठं रॉकेट सगळीकडे वापरता येणार नाही का?

येईल, पण परवडणार नाही. शिवाय कामंच वेगळी आहेत.

शेती, जंगल, धरणं, सीमा यांची चित्रं काढणारा उपग्रह पृथ्वीच्या जवळ हवा आणि त्याने उत्तर-दक्षिण फिरायला हवं. म्हणजे खाली पृथ्वी फिरत राहते आणि काही दिवसांत सगळा प्रदेश त्याच्या नजरेखालून जातो. ही ध्रुवीय कक्षा. तिचा एक फार सुंदर प्रकार म्हणजे सूर्यसमकालिक कक्षा. तिचं प्रतल रोज साधारण एक अंश सरकतं, म्हणून उपग्रह एखाद्या गावावरून नेहमी त्याच स्थानिक वेळेला जातो. सावल्या दरवेळी सारख्याच कलाच्या पडतात आणि गेल्या महिन्याचं चित्र या महिन्याच्या चित्राशी ताडून पाहता येतं. पीएसएलव्हीच्या नावातला ‘पी’ म्हणजे पोलर, ध्रुवीय. हे रॉकेट जन्मालाच या कामासाठी आलं.

दूरदर्शन, दूरसंचार आणि हवामानाच्या उपग्रहांचं गणित निराळं. ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरायला हवेत, म्हणजे जमिनीवरची डिश एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. तिथपर्यंत रॉकेट सहसा नेतच नाही. ते उपग्रहाला एका लांबट कक्षेत सोडतं. या कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून पावणेदोनशे किलोमीटरवर असतं आणि दुसरं छत्तीस हजारांवर. पुढचा प्रवास उपग्रह आपल्या इंजिनाने करतो. पण त्या लांबट कक्षेसाठीसुद्धा सेकंदाला दहा किलोमीटरहून जास्त वेग हवा. जीएसएलव्हीतला ‘जी’ या भूसमकालिक कक्षेचा.

पीएसएलव्हीत घन, द्रव, घन, द्रव असे टप्पे आलटून पालटून का?

टप्पे म्हणजे रॉकेटचे एकावर एक रचलेले, एकामागून एक पेटणारे आणि जळून झाल्यावर गळून पडणारे भाग. पहिला टप्पा घन इंधनाचा, त्यात १३९ टन इंधन. घन इंधन म्हणजे साचात ओतून घट्ट केलेला, खोडरबरासारखा पदार्थ: रबरी बहुवारिक, अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी. रेटा दणदणीत, साठवायला सोपा, पण एकदा पेटला की विझवता येत नाही. जमिनीवरून शेकडो टन उचलताना असाच दांडगा रेटा हवा असतो. दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन. त्यातली दोन द्रवं एकमेकांना भिडताच आपसूक पेटतात, ठिणगी लागत नाही. हे इंजिन सत्तरच्या दशकात फ्रान्सच्या वायकिंग इंजिनाच्या कामात सहभागी होऊन भारतीय अभियंते शिकून आले. तिसरा टप्पा पुन्हा घन, आटोपशीर आणि वजनाला हलका. चौथ्यात दोन लहान द्रव इंजिनं. ती बंद करून पुन्हा सुरू करता येतात, त्यामुळे उपग्रहाला अगदी नेमक्या कक्षेत ठेवता येतं.

घन इंधनातली भारताची पकड ही योगायोगाने आलेली नाही. त्या कामात पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर पहिल्यापासून होते. एसएलव्ही-३ यशस्वी झालं तेव्हा ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते आणि त्या रॉकेटचे प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. मराठी वाचकांना कलाम माहीत असतात, गोवारीकरांचं नाव मात्र मॉन्सूनच्या अंदाजापुरतं आठवतं. रॉकेटच्या इंधनातलं त्यांचं कामही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

एकाच वेळी १०४ उपग्रह सोडले, ते एकमेकांवर आदळले कसे नाहीत?

१५ फेब्रुवारी २०१७, पीएसएलव्ही-सी३७. आधी ७१४ किलोचा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह सुटला, मग दोन लहान भारतीय उपग्रह आणि त्यानंतर १०१ परदेशी लघुउपग्रह. युक्ती वेळ आणि दिशा यांची. चौथा टप्पा दरवेळी किंचित वळतो, स्प्रिंगच्या जोरावर उपग्रह ढकलला जातो आणि दोन सुटण्यांमध्ये सेकंदांचं अंतर राखलं जातं. प्रत्येकाचा वेग आणि रोख थोडा वेगळा पडला की अंतर वाढतच जातं. बातम्यांमध्ये विक्रमाचा आकडा गाजला. मला त्यामागची शिस्त जास्त मोलाची वाटते, कारण सोडण्याचा सगळा क्रम उड्डाणाआधी कागदावर बिनचूक जुळवलेला असावा लागतो.

सगळे उपग्रह सुटल्यावर हा चौथा टप्पा एरवी निकामी म्हणून फिरत राहायचा. आता अनेकदा त्यालाच प्रयोगांचं व्यासपीठ केलं जातं. त्या व्यासपीठाचं नाव पोएम.

मंगळयान इतक्या लहान रॉकेटवरून कसं गेलं?

पीएसएलव्हीने ते मंगळाकडे फेकलं नाहीच. ५ नोव्हेंबर २०१३ ला त्याने १,३३७ किलोच्या यानाला पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत ठेवलं आणि त्याचं काम संपलं. पुढे यानाने आपलं छोटं इंजिन पुन्हा पुन्हा चालवून कक्षा लांबवत नेली आणि १ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, पृथ्वीची पकड सोडली. इंजिन दरवेळी यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना चालवायचं, कारण तिथे वेग जास्त असतो आणि तेवढ्याच इंधनात ऊर्जेची भर जास्त पडते. २००८ मध्ये चांद्रयान-१ हेही पीएसएलव्हीवरूनच गेलं होतं. २०२३ मध्ये सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ सुद्धा. वेळ जास्त लागतो, मात्र मोठ्या रॉकेटची वाट पाहावी लागत नाही.

क्रायोजेनिक इंजिन म्हणजे नेमकं काय, आणि त्याला इतकी वर्षं का लागली?

हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोन्ही द्रवरूपात. त्यासाठी ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर ठेवावा लागतो आणि हायड्रोजन उणे २५३ अंशांवर. या जोडीतून प्रत्येक किलो इंधनामागे मिळणारा रेटा घन किंवा साध्या द्रव इंधनापेक्षा बराच जास्त असतो. वरच्या टप्प्यात ही बचत सोन्याच्या मोलाची, कारण तिथे वाचलेला प्रत्येक किलो थेट उपग्रहाच्या वाट्याला येतो. पण काही सेंटिमीटरच्या अंतरात एकीकडे उणे अडीचशे अंश आणि दुसरीकडे हजारो अंशांची ज्वाला. मधे मिनिटाला हजारो फेरे घेणारे पंप. हायड्रोजन इतका सूक्ष्म की सांध्यातून निसटतो. धातू गारठून ठिसूळ होतात, आकसतात.

भारताने १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉस्मॉस या अंतराळ संस्थेशी इंजिनं आणि त्यांचं तंत्रज्ञान मिळवण्याचा करार केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचं कारण देत अमेरिकेने निर्बंध लावले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतलं. मिळाले ते तयार टप्पे, सात. त्यांच्यावर १८ एप्रिल २००१ रोजी पहिलं जीएसएलव्ही उडालं आणि दुसऱ्या बाजूला घरचं इंजिन घडवण्याचं काम सुरू राहिलं. १५ एप्रिल २०१० ला भारतीय क्रायोजेनिक टप्पा पहिल्यांदा आकाशात गेला. इंजिन पेटलं, पण हायड्रोजनचा बूस्टर पंप थांबला आणि यान समुद्रात गेलं. ऑगस्ट २०१३ मध्ये पुढचं यान तयार झालं, तर प्रक्षेपणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यात गळती सापडली आणि काउंटडाउन थांबवावा लागला. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ ने जीसॅट-१४ अचूक कक्षेत ठेवला. प्रकल्प १९९४ चा, यश २०१४ चं. पुरी वीस वर्षं. या वीस वर्षांत महेंद्रगिरीच्या चाचणीकेंद्रात तीच तीच चाचणी पुन्हा पुन्हा करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

जीएसएलव्हीत बाजूचे बूस्टर मधल्या टप्प्यानंतर विझतात, हे खरं?

खरं आहे. मधला घन टप्पा शंभर सेकंदांच्या थोडं पुढे विझतो, तर बाजूची चार विकास इंजिनं त्यानंतरही सुमारे पाऊण मिनिट चालत राहतात. तेवढा वेळ जळून गेलेला रिकामा टप्पा ओझ्यासारखा वाहून न्यावा लागतो. पीएसएलव्हीचे सिद्ध झालेले भाग वापरून नवं रॉकेट लवकर उभारायचं ठरल्यावर ही तडजोड आली.

एलव्हीएम३ ला ‘बाहुबली’ का म्हणतात?

अंगकाठीवरून. उंचीला जीएसएलव्हीपेक्षा कमी, वजनाला दीडपट. जमीन सोडताना त्याचे फक्त दोन बाजूचे बूस्टर पेटलेले असतात. प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त घन इंधन. मधला द्रव टप्पा जवळजवळ दोन मिनिटांनी हवेतच पेटतो. वर सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन.

५ जून २०१७ ला त्याने पहिला उपग्रह, जीसॅट-१९, कक्षेत नेला. मग चांद्रयान-२ आणि १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेब या कंपनीचे ७२ उपग्रहही दोन उड्डाणांत त्यानेच नेले. गगनयानातून माणसं जाणार तीही याच रॉकेटच्या खास सुधारलेल्या रूपावरून.

मग आपले जड उपग्रह परदेशी रॉकेटवरून का जातात?

कारण चार टनांच्या पुढचा उपग्रह भूस्थिर कक्षेच्या वाटेवर नेण्याची ताकद अजून आपल्याकडे बेताची आहे. ५,८५४ किलोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये युरोपच्या एरियान-५ ने नेला आणि ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फाल्कन-९ ने. यात कमीपणा मानणारे भेटतात. पण उपग्रह वेळेवर कामाला लागणं महत्त्वाचं, आणि सरहद्द हळूहळू सरकते आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी एलव्हीएम३ ने ४,४१० किलोचा सीएमएस-०३ वर नेला. मधल्या टप्प्यात केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवरचं इंजिन बसवलं की आणखी वजन पेलेल. त्यावर काम सुरू आहे.

श्रीहरिकोटाच का? आणि तमिळनाडूत दुसरं केंद्र कशाला?

पूर्वेला बंगालचा उपसागर, म्हणजे विझलेले टप्पे वस्तीवर पडत नाहीत. शिवाय हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम १३.७ अंशांवर आहे. तिथे पृथ्वीच्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे सेकंदाला साधारण ४५० मीटर वेग फुकट मिळतो.

ध्रुवीय कक्षेसाठी मात्र हे ठिकाण अडचणीचं. थेट दक्षिणेला उडावं तर खाली श्रीलंका येते. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि मग वाटेत दक्षिणेकडे वळतं. त्या वळणात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला ते सोसतं, एसएसएलव्हीसारख्या छोट्याची ताकद त्यातच खर्ची पडते. तूतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिनमहून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे. तिथल्या केंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली.

इस्रोची रॉकेटं अपयशी ठरली आहेत का?

हो, आणि ती उड्डाणं वगळून हा इतिहास सांगताच येत नाही. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, १० ऑगस्ट १९७९: झडप गळाली, दुसरा टप्पा ताब्यात राहिला नाही, सगळं समुद्रात. एएसएलव्ही १९८७ मध्ये पडलं, १९८८ मध्ये पुन्हा पडलं. बाजूचे बूस्टर विझून मधला टप्पा पेटायचा तो नेमका हवेचा दाब सर्वाधिक असतानाचा क्षण होता, आणि तिथेच यान भरकटत होतं. तो क्रम बदलला, स्थैर्यासाठी पंख लावले, नियंत्रण सुधारलं. हा धडा पीएसएलव्हीच्या रचनेत उतरला. तरीही २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलंच, सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ ला ते यशस्वी झालं.

कारणं किती बारीक असतात पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसएलव्हीचं उपग्रहाभोवतीचं उष्णताकवच उघडलं नाही आणि उपग्रह आतच अडकला. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात टप्पा सुटताना क्षणभर बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारी उपकरणं, गोंधळले. संगणकाने ते बिघडले असं मानून पर्यायी मार्ग धरला आणि ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ च्या कक्षेत गेले. एवढ्या खाली हवा आहे, त्यामुळे ते लगेच खाली आले. पुढचं उड्डाण सहा महिन्यांत झालं आणि यशस्वी झालं. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला आणि ईओएस-०९ हा पृथ्वीनिरीक्षण उपग्रह गमावला. ज्याला सगळे भरवशाचं म्हणतात त्याच रॉकेटचा हा टप्पा होता.

सी३७, डी५, एफ१० यांतल्या अक्षरांचा अर्थ काय?

‘डी’ म्हणजे विकासाच्या टप्प्यातलं चाचणी उड्डाण. पीएसएलव्ही नियमित सेवेत आल्यावर ‘सी’, जीएसएलव्हीला ‘एफ’, एलव्हीएम३ ला ‘एम’. क्रमांक सहसा ओळीने येतात, पण पीएसएलव्हीत सी१२ नंतर थेट सी१४ आहे.

यात महाराष्ट्राचा वाटा किती?

बराच, आणि तो कारखान्यांच्या शेडमध्ये आहे. विक्रोळीत गोदरेजकडे विकास इंजिनं आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग तयार होतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, जिथे एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रं घडायची, तिथे घन टप्प्यांची पोलादी कवचं घडतात.

पुढचं रॉकेट कोणतं?

पुढच्या पिढीचं प्रक्षेपणयान, एनजीएलव्ही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीजवळच्या कक्षेत तीस टन, आणि पहिला टप्पा परत आणून पुन्हा वापरता येणारा.

थेट प्रक्षेपण पाहताना नेमकं काय बघावं?

ज्वाला आणि धूर पहिल्या दोन-तीन मिनिटांत संपतात आणि बहुतेक जण तिथेच पडदा बंद करतात. तसं करू नका, खरा कस पुढे लागतो. पडद्यावरच्या आलेखात एक रेघ ठरलेल्या मार्गाची असते आणि दुसरी प्रत्यक्षातली. दुसरी पहिलीवर बसत गेली की सगळं ठीक. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा विझल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. तेव्हा यान मिळालेल्या वेगावर नुसतं वर चढत असतं. मग चौथा टप्पा पेटतो आणि आठ-दहा मिनिटं शांतपणे वेग भरत राहतो.

टाळ्या वाजतात त्या उपग्रह सुटल्याच्या घोषणेला. रॉकेटचं काम तिथे संपतं, पण उपग्रहाचं सुरू व्हायचं असतं. श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं प्रक्षेपण २९ जानेवारी २०२५ चं. जीएसएलव्हीने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह अगदी ठरल्या कक्षेत सोडला, सौरपट उघडले, संदेशही आले. पुढे मात्र उपग्रहातल्या इंजिनाची ऑक्सिडायझरची झडप उघडली नाही आणि तो त्या लांबट कक्षेतच राहिला.